विकता येतं म्हणून बाजार वाढतो

२७ ऑगस्ट २००८ ला कराची शेअर बाजाराने ठरवलं की आजच्या बंद भावाच्या खाली कुठलाही शेअर विकायचा नाही. भाव कोसळत होते, छोटे गुंतवणूकदार चिडले होते, म्हणून भावाला खालून टेकू लावला. हेतू चांगला होता. पण ज्या भावाला कुणी घ्यायलाच तयार नाही, त्या भावाला विकायची परवानगी असून उपयोग काय? १५ डिसेंबरला टेकू काढेपर्यंत साडेतीन महिने बाजार रोज उघडत होता, बंद होत होता आणि व्यवहार जवळपास होत नव्हते. दवाखान्याचं बिल भरायला पैसे हवे असलेल्याचेही अडकले आणि आपल्या ग्राहकांना पैसे परत करायचे असलेल्या परदेशी फंडाचेही. जगभरचे फंड ज्यांच्या याद्या बघून पैसे लावतात त्या एमएससीआयने वर्षअखेरीस पाकिस्तानला उदयोन्मुख बाजारांच्या यादीतून काढलं. परत यायला २०१७ उजाडलं आणि २०२१ मध्ये तो पुन्हा खालच्या यादीत गेला. हे सगळं समोर असताना ढाक्याच्या बाजारात जुलै २०२२ मध्ये तोच उपाय झाला आणि बऱ्याच शेअर्सवर तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला.

उदयोन्मुख देशांत शेअर बाजार कशाने वाढतो असं विचारलं की साधारण उत्तरं ठरलेली असतात: देशाची वाढ, लोकांची बचत, परदेशी पैसा, कमी व्याजदर. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतल्या काहींचा खाली विचार केला आहे. पण त्यांच्या आधी एक अट येते. कुणाशीही ओळखदेख नसलेल्या माणसाला चालू भावाला शेअर विकता आला पाहिजे आणि त्याचे पैसे वेळेवर त्याच्या खात्यात आले पाहिजेत. ही वाट मोकळी असेल तर बाकीची कारणं कामाला येतात. ती अडली की उत्तम वाढ असलेल्या देशातही बाजार खुरटा राहतो.

निर्देशांक वर गेला म्हणजे बाजार वाढला का?

झिम्बाब्वेत २००८ मध्ये निर्देशांक रोज नवे उच्चांक करत होता, कारण चलनच कागदाच्या मोलाचं झालं होतं आणि लोक मिळेल ती वस्तू घेऊन नोटा हातावेगळ्या करत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथलं ट्रेडिंग थांबलं. तेव्हा निर्देशांक बाजूला ठेवू आणि जाणकार काय मोजतात ते पाहू.

पहिलं माप म्हणजे सगळ्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांचं एकूण बाजारमूल्य देशाच्या जीडीपीच्या किती टक्के आहे. सोपं आहे, पण फसवं आहे. दोन-चार प्रचंड कंपन्यांमुळे हा आकडा फुगतो आणि तेजीत तर आपोआप फुगतो. दुसरं माप उलाढालीचं. बाजारमूल्य १०० लाख कोटी आणि वर्षभराची उलाढाल १० लाख कोटी असेल तर प्रमाण १० टक्के, म्हणजे सगळे शेअर एकदा हात बदलायला सरासरी दहा वर्षं. रॉस लेव्हाइन आणि सारा झर्व्होस या अर्थशास्त्रज्ञांनी ४७ देशांची १९७६ ते १९९३ ची आकडेवारी तपासली, तेव्हा पुढच्या काळातल्या आर्थिक वाढीशी बाजाराच्या आकाराचा ठोस संबंध दिसला नाही. उलाढालीचा दिसला. धोरण आखणाऱ्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं, कारण आकार वाढवायला आश्वासनं पुरतात, उलाढाल वाढवायला व्यवस्था उभी करावी लागते.

तिसरं माप इम्पॅक्ट कॉस्ट, म्हणजे तुमच्याच ऑर्डरमुळे भाव सरकतो त्याचा खर्च. याचं नाव कमी लोकांना माहीत असतं, पण खिशाला रोज लागतं ते हेच. समजा एका शेअरला सगळ्यात चांगली खरेदीची बोली ९९.५० रुपये आहे आणि सगळ्यात स्वस्त विक्रीची १००.५० रुपये. मधला भाव १००. तुम्हाला १,००० शेअर घ्यायचे आहेत. ऑर्डर बुकात विकायला ३०० शेअर १००.५० ला, ४०० शेअर १०१ ला आणि ३०० शेअर १०२ ला आहेत. तिन्ही पायऱ्या घेतल्यावर एकूण १,०१,१५० रुपये लागले, सरासरी १०१.१५. म्हणजे कुणी दलाली घेण्याआधीच १.१५ टक्के गेले, आणि विकताना दुसऱ्या बाजूने पुन्हा जाणार. निफ्टी ५० मध्ये येण्यासाठी कंपनीच्या शेअरमध्ये १० कोटी रुपयांच्या व्यवहाराला ही किंमत सहा महिन्यांतल्या ९० टक्के वेळा ०.५० टक्के किंवा त्याहून कमी असावी लागते. तुर्भ्याच्या एपीएमसीत हंगामात आंब्याचा आणखी एक ट्रक आला तर दर हलत नाही, पण गावच्या आठवडी बाजारात दहा पेट्या जास्त आल्या की भाव पडतो. शेअर बाजाराची जाडीही अशीच असते.

ही जाडी कमी असण्याचं मोठं कारण म्हणजे अपुरा फ्री फ्लोट, म्हणजे बाजारात फिरायला मोकळे असलेले शेअर कमी असणं. कंपनीचे एक कोटी शेअर असले आणि त्यातले ७५ लाख प्रवर्तकांच्या, म्हणजे मूळ मालकांच्या, कपाटात असले तर बाजारात फिरायला २५ लाखच उरतात. त्यातलेही बरेच विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंडांकडे वर्षानुवर्षं पडून असतात. भारतात लिस्टेड कंपनीत किमान २५ टक्के हिस्सा जनतेकडे असावा हा नियम २०१० मध्ये आला तो यासाठीच. ज्या शेअरमध्ये मोकळे शेअर मूठभर असतात तिथे भाव चढवायला फार पैसा लागत नाही, आणि खेळ करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

शेअर आणि पैसे यांची अदलाबदल

नौपाड्यातला एखादा निवृत्त कर्मचारी १९९३ मध्ये शेअर विकायचा तेव्हा काय व्हायचं ते आठवून पाहा. तो सब-ब्रोकरला फोन करायचा. संध्याकाळी एक भाव कळायचा, जो दिवसाच्या उच्चांक आणि नीचांकाच्या मध्ये कुठेतरी असायचा. तो खरोखर कोणत्या वेळी, कोणत्या भावाला विकला गेला हे पडताळायची सोय नव्हती. मग सर्टिफिकेट आणि सही केलेला ट्रान्सफर डीड ब्रोकरकडे द्यायचा. तिथून तो घेणाऱ्याकडे, तिथून कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे. सहीचं वळण पंधरा वर्षांत बदललं असेल तर सही जुळत नाही म्हणून कागद परत. याला बॅड डिलिव्हरी म्हणायचे, आणि तोपर्यंत भाव कुठल्या कुठे गेलेला असायचा. टपालात सर्टिफिकेट गहाळ होणं, बनावट सर्टिफिकेट निघणं हेही होतं. नाव बदलून यायला महिने लागायचे, आणि अर्ध्या टक्क्याचा मुद्रांक वेगळा.

ही अवस्था दहा वर्षांत बदलली. नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसई या नव्या एक्सचेंजवर शेअर्सचं ट्रेडिंग सुरू झालं, पडद्यावर, उपग्रहाच्या जोडणीने. सगळ्यात चांगला भाव आधी, आणि भाव सारखा असेल तर आधी आलेली ऑर्डर आधी, हा नियम संगणक पाळू लागला. प्रत्येक सौद्यावर वेळेचा शिक्का आला. दलाल स्ट्रीटच्या रिंगमध्ये आरडाओरडा करून सौदे करणाऱ्या बीएसईलाही १९९५ मध्ये पडदा आणावा लागला. मुंबईत जागा नसलेला ठाण्याचा, नागपूरचा, कोल्हापूरचा ब्रोकर त्याच ऑर्डर बुकात बसला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर कागदावरून डिमॅट खात्यात गेले. या खात्यांची नोंद ठेवणाऱ्या दोन डिपॉझिटरींपैकी एनएसडीएल त्याच वर्षी सुरू झाली, सीडीएसएल १९९९ मध्ये.

तिसरा बदल कमी गाजला, पण माझ्या मते तो सगळ्यात मोठा आहे: क्लिअरिंग कॉर्पोरेशन. सौदा जुळला की कायद्याने ती मधे उभी राहते. विकणाऱ्यासाठी ती खरेदीदार, घेणाऱ्यासाठी ती विक्रेता. समोरचा बुडाला तरी तुमचा व्यवहार पूर्ण करण्याची जबाबदारी तिची, आणि ती पार पाडता यावी म्हणून ती ब्रोकर्सकडून मार्जिन (सौद्यापोटी आगाऊ तारण) आणि ठेवी घेऊन ठेवते. अनोळखी माणसाशी बिनधास्त व्यवहार करता येतो तो तिच्यामुळे.

तरीही एक भोक राहिलं होतं. एनएसईचा सौद्यांचा आठवडा बुधवार ते मंगळवार, बीएसईचा सोमवार ते शुक्रवार. एका बाजाराचा आठवडा संपत आला की सौदा दुसरीकडे ढकलायचा, किंवा बदला पद्धतीने व्याज भरून पुढच्या आठवड्यात न्यायचा. प्रत्यक्ष शेअर न घेता, न देता प्रचंड सट्टा चालायचा. २००१ च्या घोटाळ्यानंतर बदला बंद झाला आणि रोजच्या सौद्याचा रोज वेगळा हिशेब सुरू झाला. आधी सौद्यानंतर पाच दिवसांनी, एप्रिल २००२ पासून तीन, एप्रिल २००३ पासून दोन, आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्ससाठी एकच दिवस. अमेरिकेने एक दिवसाची पद्धत मे २०२४ मध्ये आणली.

आज तोच नौपाड्यातला माणूस सोमवारी सकाळी ११ वाजता ४०० रुपयांचे ५० शेअर विकतो तेव्हा असं घडतं. सीडीएसएलचं खातं असेल आणि ब्रोकरला डीडीपीआय हे मर्यादित अधिकारपत्र दिलेलं नसेल, तर टीपिन हा सीडीएसएलचा पिन आणि ओटीपी टाकून तो त्या ५० शेअर्सना मंजुरी देतो. ते त्याच्याच खात्यात राहतात, फक्त अडवून ठेवले जातात. सौदा क्षणात जुळतो, २०,००० रुपयांवर ०.१ टक्क्याने २० रुपये एसटीटी हा व्यवहारावरचा कर लागतो, शिवाय दलाली, डीपीचं (डिमॅट खातं ठेवणाऱ्याचं) शुल्क आणि किरकोळ आकार. २४ तासांत काँट्रॅक्ट नोट येते. मंगळवारी शेअर जातात, पैसे येतात. घेणाऱ्याचे शेअर २०२५ पासून ब्रोकरच्या खात्यात न थांबता थेट त्याच्या डिमॅटमध्ये पडतात. कुणी विकलेले शेअर दिलेच नाहीत तर एक्सचेंज लिलावात ते मिळवून घेणाऱ्याला देतं, आणि लिलावातही मिळाले नाहीत तर ठरलेल्या सूत्राने पैसे देतं. दंड न देणाऱ्याच्या माथी.

यातली बरीच कलमं अनुभवातून आली आहेत. २०१९ मध्ये हैदराबादच्या एका मोठ्या ब्रोकरने ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा वापर करून त्यांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचं उघड झालं. त्यानंतर सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी शेअर ब्रोकरकडे हलवणं बंद झालं, ते ग्राहकाच्याच खात्यात तारण म्हणून नोंदवले जातात. २०२२ मध्ये मोकळ्या मुखत्यारपत्राची जागा डीडीपीआयने घेतली. वापरात नसलेले पैसे ब्रोकरने महिन्याला किंवा तिमाहीला, ग्राहकाने निवडलं असेल त्याप्रमाणे, बँकेत परत पाठवायचे असतात. तुमच्या खात्यात हे पैसे येत नसतील तर ब्रोकरला लेखी विचारा, आणि डिपॉझिटरीकडून ईमेलने येणारं एकत्रित स्टेटमेंट न उघडता टाकून देऊ नका. ब्रोकरच्या अॅपवर दिसतो तो त्याचा हिशेब. तुमचे शेअर कुठे आहेत याचा पुरावा डिपॉझिटरीकडे असतो.

कायदा करणं आणि कुणाला तरी पकडणं

उत्पल भट्टाचार्य आणि हझेम दाऊक यांनी शेअर बाजार असलेल्या १०३ देशांची पाहणी केली. १९९८ पर्यंत ८७ देशांत आतल्या माहितीवर सौदे करण्याविरुद्ध कायदा होता, पण प्रत्यक्ष खटला झालेले देश होते ३८. कंपन्यांना भांडवल किती महाग पडतं हे त्यांनी तपासलं. नुसता कायदा आल्याने फरक पडला नव्हता, पहिला खटला झाल्यावर भांडवल स्वस्त झालं होतं. कारण उघड आहे. आतली माहिती असलेला माणूस समोर आहे अशी शंका असेल तर मी माझी बोली खाली ठेवतो. सगळेच खाली ठेवतात, आणि चांगल्या कंपनीलाही शेअर विकून कमी पैसे मिळतात.

पोलंड आणि चेक प्रजासत्ताक ही जोडी अभ्यासण्यासारखी आहे. दोघंही कम्युनिस्ट राजवटीतून एकाच वेळी बाहेर पडले. चेक लोकांनी सरकारी कंपन्या कूपन वाटून लोकांच्या हाती दिल्या आणि त्या झटक्यात लिस्ट केल्या. प्राग बाजारात दीड हजाराहून जास्त कंपन्या दिसू लागल्या. स्वतंत्र नियामक मात्र १९९८ पर्यंत नव्हता. आतल्या मंडळींनी कंपन्यांची मालमत्ता आपल्या खासगी कंपन्यांत वळवली, छोट्या भागधारकांच्या हाती रिकामं खोकं राहिलं, आणि पुढे हजाराहून जास्त कंपन्या यादीतून उतरल्या. वॉर्सॉने उलट क्रम धरला. १९९१ मध्ये आधी कायदा आणि नियामक, मग १६ एप्रिलला अवघ्या पाच कंपन्यांचं ट्रेडिंग, तेही पूर्वीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयात. ब्रोकरला परवाना काटेकोरपणे, माहिती देण्याची सक्ती कडक. काही वर्षांत कंपन्या आपणहून वॉर्सॉकडे येऊ लागल्या.

कायदा बदलायला सरकारची इच्छा नसेल तर? ब्राझीलमध्ये कंपन्या मताधिकार नसलेले शेअर भरमसाट विकत, आणि कंपनीचा ताबा विकला गेला की मोठी रक्कम मुख्य मालकाला मिळे, इतरांना काही नाही. साओ पावलोच्या एक्सचेंजने डिसेंबर २००० मध्ये नोव्हो मर्काडो नावाचा वेगळा विभाग काढला. यायचं तर अटी मान्य करून यायचं: एक शेअर, एक मत, ताबा विकला तर छोट्या भागधारकालाही तोच भाव, किमान २५ टक्के शेअर मोकळे, तंटा लवादापुढे. पहिली दोन-तीन वर्षं जवळपास कुणी फिरकलं नाही. २००४ मध्ये नातुरा ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आली, तिला भाव चांगला मिळाला आणि मग रांग लागली.

आपल्याकडे बाजाराची नियामक सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली, पण तिला दात आले १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरण बाहेर पडलं त्याच वर्षी. अजूनही आदेश निघायला आणि अपिलांतून पार व्हायला वर्षं लागतात, आणि तोवर पैसा हलवलेला असतो. भारतीय बाजाराची सगळ्यात कच्ची बाजू मला हीच वाटते.

शेअर येतात कुठून

मागणीची चर्चा सगळे करतात, पुरवठ्याची कमी. मालकाने कंपनी लिस्ट का करावी? त्याचे हिशेब स्पर्धकाला दिसणार, भावंडांतली भांडणं वर्तमानपत्रात येणार, रोखीचे व्यवहार थांबणार. भारतात पहिला मोठा पुरवठा चक्क सक्तीतून आला. १९७३ च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांचे शेअर जनतेला मिळाले. भाव दिल्लीतला भांडवल नियंत्रक सूत्राने ठरवायचा आणि तो कमी असायचा, म्हणून ज्यांना मिळाले त्यांचं भलं झालं. १९७७ मध्ये रिलायन्सचा इश्यू, म्हणजे जनतेला शेअर विकण्याचा प्रस्ताव, आला. घणसोलीत आज तिचं जे अवाढव्य आवार आहे, त्यामागे मध्यमवर्गीयांचे छोटे छोटे अर्ज आहेत. पण भाव सरकार ठरवतं तेव्हा चांगला मालक शेअर विकायला नाखूश असतो. १९९२ मध्ये नियंत्रकाचं पद आणि कायदा दोन्ही गेले, मग पुरवठा खुला झाला.

वागळे इस्टेट किंवा टीटीसी पट्ट्यातल्या उद्योजकासाठी २०१२ पासून बीएसई आणि एनएसईचे एसएमई मंच आहेत, इश्यूनंतरचं भरणा भांडवल २५ कोटींपर्यंत असलेल्या कंपन्यांसाठी. नव्या मशीन्सना आठ कोटी हवे आहेत आणि बँक आणखी तारण मागते आहे, अशा कारखान्याला हा रस्ता खरोखर उपयोगाचा आहे. पण बाजार इथे पातळ असतो. मार्केट मेकरने तीन वर्षं दोन्ही बाजूंच्या बोल्या लावायच्या असतात, तरी पडत्या दिवशी विकणारा अडकतो. अर्ज करण्याआधी ऑफर डॉक्युमेंटमध्ये पैसे कशासाठी घेतायत ते पान उघडा. नवे शेअर किती आणि जुन्या मालकांचे किती ते पाहा, कारण जुन्या मालकाने विकलेल्या शेअर्सचे पैसे कंपनीत एक रुपयाही येत नाहीत. मग तीन वर्षांचा नफा आणि व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोख शेजारी शेजारी ठेवा. नफा वाढतोय, रोख उणे आहे आणि येणी फुगत आहेत, तर विक्री कागदावरची असू शकते. २०२४ मध्ये एका कंपनीचा इश्यू भरल्यावर सेबीने तो रद्द करून पैसे परत करायला लावले, कारण ज्याच्याकडून सॉफ्टवेअर घेणार असं सांगितलं होतं तो विक्रेता नुसती कागदावरची कंपनी निघाला. त्यानंतर नियम आवळले: तीनपैकी दोन वर्षं किमान एक कोटी परिचालन नफा, आणि जुन्या मालकांची विक्री इश्यूच्या २० टक्क्यांपर्यंतच.

पैसा कुणाचा

आता बचत आणि महागाई. सात टक्क्यांची एफडी, तीस टक्के कर, हाती ४.९ टक्के. महागाई पाचच्या आसपास असेल तर ठेव जागच्या जागी. मग माणूस सोनं घेतो किंवा घोडबंदर रोडला दुसरा फ्लॅट बघतो. महागाई अनिश्चित असलेल्या देशात हीच सवय घट्ट होते आणि बाजारात लांब पल्ल्याचा पैसा येत नाही. म्हणून मध्यवर्ती बँकेची शिस्त हाही शेअर बाजाराच्या वाढीचा भाग आहे.

लांब पल्ल्याचा पैसा म्हणजे मुख्यतः पेन्शन. चिलीने १९८१ मध्ये पेन्शन खासगी फंडांकडे दिली आणि दर महिन्याला नियमित खरेदीदार तयार झाला. हा पैसा सरकारच्या डोळ्यांत भरतो, हाही धडा आहे. अर्जेंटिनाने २००८ मध्ये खासगी पेन्शन फंड ताब्यात घेतले. ज्या पोलंडचं वर कौतुक केलं, त्यानेही २०१४ मध्ये पेन्शन फंडांतली निम्म्याहून जास्त मालमत्ता सरकारकडे वळवली.

भारतात नोकरदारांचा भविष्य निर्वाह निधी सांभाळणाऱ्या ईपीएफओने ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमेचा छोटा भाग ईटीएफमधून (निर्देशांकाप्रमाणे शेअर घेणाऱ्या फंडांतून) शेअर्समध्ये घालायला सुरुवात केली. त्याहून मोठं काम एसआयपीने, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याच्या सवयीने, केलं. एप्रिल २०२४ मध्ये महिन्याची एसआयपी जमा पहिल्यांदा २०,००० कोटींवर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी साधारण ९४,००० कोटींचे शेअर विकले आणि देशी संस्थांनी त्याहून जास्त घेतले. बाजार घसरला, कोसळला नाही. मार्च २०२५ अखेर लिस्टेड कंपन्यांत देशी संस्थांचा वाटा परदेशी संस्थांच्या पुढे गेला होता.

परदेशी पैसा भारतात १९९२ च्या परवानगीनंतर आला. तो चंचल असतो ही तक्रार खरी आहे, पण तो येताना कडक मागण्याही घेऊन येतो आणि त्यांचा फायदा आपल्यालाही होतो. त्याची पहिली मागणी म्हणजे परतीचं तिकीट. नायजेरियात शेअर विकून नायरा हाती आले तरी डॉलर मिळत नव्हते, म्हणून एमएससीआयने २०२४ मध्ये तो देश सीमावर्ती, म्हणजे उदयोन्मुखच्या खालच्या, यादीतूनही काढला. व्हिएतनाममध्ये परदेशी संस्थांना ऑर्डर टाकण्याआधी पूर्ण पैसे भरून ठेवावे लागत. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती अट गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एमएससीआयसारख्याच याद्या करणाऱ्या एफटीएसई रसेलने त्याला उदयोन्मुख गटात घेत असल्याचं जाहीर केलं.

उलाढाल फुगवणारा एक प्रकार मात्र वाढ म्हणून मोजू नये. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्स (पुढच्या भावावरचे करार) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तीन आर्थिक वर्षांत तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. त्यानंतर कराराचा किमान आकार १५ लाख झाला आणि प्रत्येक एक्सचेंजला आठवड्याला संपणारे करार एकाच निर्देशांकावर ठेवता येऊ लागले. तोटा खाऊन बाहेर पडलेला पंचविशीतला मुलगा पुढची वीस वर्षं साध्या इंडेक्स फंडाकडेही संशयाने बघतो, ही यातली खरी हानी. तसंच बनावट ट्रेडिंग अॅपचं. तिथे आकडा वाढताना दिसतो आणि पैसे काढायला गेलं की आधी कर भरा म्हणतात. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. आणि सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारून तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. या क्षेत्रातल्या लोकांच्या परीक्षा एनआयएसएम घेते. ही संस्था सेबीने २००६ मध्ये स्थापन केली. पण तिची परीक्षा पास असणं आणि सेबीकडे नोंदणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कपाटातली जुनी सर्टिफिकेटं

बाहेर पडण्याची वाट अजून अरुंद आहे ती वारसांसाठी. ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत आजोबांच्या नावाची कागदी सर्टिफिकेटं पडून आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. मालक हयात असेल तर कंपनीचा रजिस्ट्रार शोधा आणि आयएसआर-१ या अर्जात पॅन, पत्ता, बँकेची माहिती द्या. सही बदलली असेल तर आयएसआर-२ वर बँकेकडून साक्षांकित करून घ्या आणि एसएच-१३ भरून नामांकन करा. सर्टिफिकेट हरवलं असेल तर आयएसआर-४. मालक वारला असेल तर आयएसआर-५, सोबत मृत्यूचा दाखला. नामांकन नसेल आणि कागदी शेअर्सची किंमत त्या कंपनीत पाच लाखांपर्यंत असेल तर सोपी कागदपत्रं चालतात, त्यापुढे वारसा प्रमाणपत्र किंवा प्रोबेटसारखा कोर्टाचा कागद लागतो. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या, बेवारस लाभांश आणि शेअर ठेवणाऱ्या निधीकडे गेलेले असण्याची शक्यता मोठी. तिथे आधी कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं आणि मग आयईपीएफ-५ अर्ज करायचा. बहुतेक अर्ज अडतात ते नावाच्या स्पेलिंगवर: सर्टिफिकेटवर एक, पॅनवर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं. म्हणून अर्ज टाकण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडा, आणि फरक असेल तर ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच फेरीत जोडा.